ढालीवरचा तारा बघितला, पोरगा नाही बघितला

सकाळपासून डोकं फिरलंय. ध्वजवंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि मग आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी पोराटोरांना देशभक्ती शिकवायला घेतली. माझ्या भाच्याला फॅन्सी ड्रेस स्पर्धेतून बाद केलं. का, तर तो कॅप्टन अमेरिका होऊन आला होता, म्हणजे ताऱ्याची ढाल घेऊन लढणारा अमेरिकन कॉमिकमधला हिरो.

बाद करायचं तर बाजूला घेऊन सांगा ना! माईकवरून म्हणाले, ‘बाळा, आज २६ जानेवारी आहे, ४ जुलै नाही.’ ४ जुलै म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. सगळं पटांगण हसलं. बहिणीने दोन रात्री जागून ती ढाल केली होती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, परात पालथी घालून आखलेला गोल, मागे जुन्या पर्सचा पट्टा. लाल रंग नीट वाळलाही नव्हता, त्याच्या बाहीला लागला होता. लोक हसले तशी त्याने ढाल उलटी फिरवली, तारा पोटाकडे. त्याचं वाक्य पाठ होतं, ‘जो लहानांना मारतो, त्याच्याशी मी लढतो.’ ते म्हणायची पाळीच आली नाही.

काका, तुम्ही ज्याला हाकललंत तो कोण आहे हे तरी विचारायचंत. त्याला जन्माला घातलं जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी, दोघं ज्यू पोरं, न्यूयॉर्कमध्ये चित्रं काढून पोट भरणारी. त्यांच्या कॉमिकच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ ची तारीख आहे आणि मुखपृष्ठावर हा गडी हिटलरच्या थोबाडीत ठोसा लगावतोय. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. ‘आपल्याला काय करायचंय युरोपच्या भानगडीत’ म्हणणारे तिथे ढिगाने होते. त्या दोघांना धमक्या आल्या. म्हणजे हा हिरो जन्मला तोच आपल्याच लोकांना ‘गप्प बसू नका’ असं सांगायला.

हो, मान्य आहे, नाव त्यांचं, झेंडा त्यांचा, सिनेमाचा पैसाही तिकडेच जातो. असू दे.

पण पुढचं ऐका. १९५४ साली त्याला पुन्हा आणला तो नुसता कम्युनिस्टांना बडवायला. छातीवर तोच तारा, हातात तीच ढाल. तीन अंकांत गाशा गुंडाळावा लागला. आणि १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट घोटाळ्याने तिकडे सगळं ढवळून निघालं होतं तेव्हा, त्याच कॅप्टनने सरकारमधली कीड बघून तो पोशाख उतरवून ठेवला. काही अंक तो ‘नोमॅड’ नावाने हिंडला. देशाच्या नावाचा माणूस देशाच्या सत्तेला म्हणतो की हे माझ्या नावावर चालणार नाही. मला तर यापेक्षा मोठी देशभक्ती माहीत नाही. आणि २६ जानेवारी हा संविधान लागू झाल्याचा दिवस आहे. त्यात बंधुता लिहिलीय, व्यक्तीची प्रतिष्ठा लिहिलीय. माईकवरून एका लहान पोराची प्रतिष्ठा घालवून तुम्ही कुठलं प्रजासत्ताक साजरं केलंत?

जरा जास्तच तापून लिहितेय. पाणी पिऊन आले.

आपल्या पिढीने शक्तिमान बघितलाय. १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झाला, आठवतंय? त्याच्या छातीवर झेंडा नव्हता. एपिसोड संपला की तो आपल्याला साध्या साध्या गोष्टी सांगायचा, स्वच्छतेच्या, खरं बोलण्याच्या, आणि पडद्यावरचं पोर ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचं. आई शंभर वेळा सांगायची तेव्हा नाही ऐकलं, त्याने सांगितलं की ऐकलं. त्याला बघून पोरं उड्या मारतात म्हणून ओरडही झाली, तेही खरंच. पण देश म्हणजे आपलं रोजचं वागणं, हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी त्याने शिकवलं. भाच्याला ते दुसऱ्या कुणी शिकवलं, त्याच्या वाक्यात ते होतं, आणि ते कुणी ऐकलं नाही, हेच मला सकाळपासून टोचतंय.

पहिलं बक्षीस सैनिकाला मिळालं. त्या पोराने सलाम झकास ठोकला, कौतुकच आहे. पण हातातली प्लॅस्टिकची बंदूक प्रेक्षकांवर रोखून तो उभा होता आणि टाळ्या त्या बंदुकीला पडल्या.

आपला हिरो हवा ना? आम्ही गिरगावात राहतो हो! चौपाटीवर तुकाराम ओंबळेंचं स्मारक आहे. केडंबे गावचा माणूस, आधी लष्करात, मग मुंबई पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात काठी, समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. त्याच्यावर रीतसर खटला चालला, वकील मिळाला, पुरावे तपासले गेले. कायद्याचं राज्य म्हणतात ते हे, आणि ते एका लाठीवाल्या माणसाने आपल्याला मिळवून दिलं. अशोक चक्र मिळालं. २०२१ मध्ये कोळ्याच्या, म्हणजे स्पायडरच्या, एका नव्या प्रजातीला त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. भाच्याला हे सांगितलं तर रडता रडता थांबला आणि म्हणाला, ‘मावशी, खरा स्पायडरमॅन?’ म्हटलं, हो रे राजा.

आमच्या स्पर्धेत मी आजवर एकही पोर ओंबळे होऊन आलेलं पाहिलं नाही. काकांनाही ते कधी सुचलं नाही. परदेशी हिरो हाकलणं सोपं आहे, आपला हिरो पोरांपर्यंत न्यायला चौपाटीपर्यंत चालत जावं लागतं.

१ मेच्या कार्यक्रमाची मीटिंग होईल तेव्हा मी जाणार आहे. स्पर्धेचे नियम आधी लिहून नोटीस बोर्डावर लावा, आणि कुठल्याही मुलाला त्याचं वाक्य पूर्ण म्हणू दिल्याशिवाय स्टेजवरून उतरवायचं नाही, एवढं मिनिट्समध्ये घालून घेणार. सोसायटीतले जे हे वाचतायत त्यांनी नुसता लाईक ठोकू नका, मीटिंगला या.