दोन भाषांनी लेकरू गोंधळत नाही

बेळगावच्या वडगावात आमच्या ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज आलाय: "घरी मराठी, गल्लीत कन्नड, अशानं मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं. तीन वर्षांपर्यंत एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी. जमत नसेल तर इंग्रजी व्हिडिओ लावा. चुकलं की लगेच सुधारा." माझ्या धाकट्या जावेनं तो इतका मनावर घेतला, की शेजारच्या कन्नड अज्जींना तान्हीशी बोलू नका म्हणाली. म्हणून हे लिहिते आहे.

आधी गोंधळाचं. जावेचा थोरला तीन वर्षांचा आहे. अज्जींनी जास्त भात वाढला की "बेडा" म्हणतो, मी वाढला की "नको". समोर कोण आहे ते त्याला नेमकं कळतं. कधी मला "हालु दे" (हालु म्हणजे दूध) असं दोन्ही मिसळून म्हणतो खरं, पण बाजारात आपण मोठी माणसं दिवसभर तेच करतो.

उलट कान लवकर मिटतात. जेनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईतो बहुतेकांचा तो फरक हरवतो. हिंदी घरांतल्या बाळांचा टिकतो, कारण तो रोज कानावर पडतो. मग अज्जींना गप्प का करायचं?

व्हिडिओचं उत्तर पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी समोर बसून कुणी मँडरिन, म्हणजे चिनी, बोललं, तर ती त्यातले ध्वनी शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तर शिकली नाहीत. आणि आईला अडखळत येणारं इंग्रजीच बोलायचं ठरवलं, तर ती बोलणारच कमी.

चुका? "मी करलं" हे पोरानं कुणाकडूनच ऐकलेलं नसतं. 'धरलं', 'मारलं' यांवरून नियम त्यानं स्वतः काढलेला असतो. "हो, तू केलंस" एवढं म्हणा, पुरे. आणि पोरगी "मी येतो" म्हणाली तर ती चूकही नव्हे. आपल्याकडच्या बायका तसंच बोलतात.

राहिलं उशिरा बोलणं. मराठीचे तीस शब्द आणि कन्नडचे पंचवीस येणाऱ्या पोराचे फक्त तीस मोजले, तर ते मागे दिसणारच. दोन्ही भाषांतले मिळून मोजा. पण पोर हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर दोष भाषांना देत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, आधी कान तपासा. ही तपासणी तान्ह्या बाळाचीही होते, त्यासाठी त्यानं बोलायला लागायची वाट बघावी लागत नाही.