डोरलं तापत नाही, फोटो बिघडतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दातांच्या एक्स-रेचं मशीन चालवतो. पंधरा दिवसांपासून येणारा दर दुसरा पेशंट मोबाईल पुढे करतो. त्यात फिरत असलेल्या मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : सोन्यात एक्स-रेचे किरण साठतात आणि घरी गेल्यावरही निघत राहतात. दातात चांदी भरलेली किंवा पायात रॉड असेल तर एक्स-रे काढूच नये, धातू ओढला जातो. आणि दागिने उतरवायला लावणं हे नुसतं नाटक, आता मशीन डिजिटल झालंय. सोनं एवढं घातक असेल तर ते उतरवायला लावणं नाटक कसं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

किरण साठत नाहीत. बॅटरी बंद केल्यावर तिचा उजेड भिंतीत उरतो का? तसंच हे. दातांच्या एक्स-रेच्या किरणांत कुठलाही धातू किरणोत्सर्गी करण्याची ताकद नसते. सोनं तापतही नाही.

रॉडवाल्यांची भीती एमआरआयवरून आलेली दिसते. तिथे जबरदस्त चुंबक असतं, म्हणून लोखंड बाहेर ठेवावं लागतं. एक्स-रेत चुंबकाने काही ओढायचा प्रश्नच नाही. उलट रूट कॅनल करताना डॉक्टर दाताच्या मुळात बारीक स्टीलची फाईल घालून, ती आत असतानाच एक्स-रे काढतात, मुळाची लांबी कळावी म्हणून. पायातला रॉड तर किरणांच्या वाटेतही येत नाही. भरलेली चांदी फोटोत पांढरी दिसते, तिच्याआडची कीड लपू शकते. मात्र तोंडाच्या सीटी स्कॅनमध्ये तिच्या आणि दातावरच्या कॅपच्या रेघोट्या उठतात, हे खरं.

आता नाटकाचं. धातू किरण अडवतो, हे एक्स-रे सापडला त्याच वर्षी दिसलं होतं. २२ डिसेंबर १८९५ ला एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडांबरोबर बोटातली अंगठीही ठळक उमटली. मशीन डिजिटल झालं म्हणून सोनं पारदर्शक होत नाही. जिथे किरण पोचलेच नाहीत, तिथलं कॉम्प्युटर काय दाखवणार?

आपल्याकडे हे जास्त नडतं ते खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे. खर्रा खाऊन खाऊन ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या तोंडात फोटो टिपणारा छोटा सेन्सर जात नाही. मग ओपीजी काढावा लागतो, म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरून दोन्ही जबडे एकाच फोटोत घेतं. त्यात उजव्या कानातला झुमका एकदा आपल्या जागी दिसतो. डावी बाजू टिपली जाताना तो पुन्हा किरणांच्या वाटेत येतो आणि त्याची मोठी, धूसर सावली डावीकडे पडते. किरण थोडे वर रोखलेले असतात, म्हणून ती सावली वर सरकून वरच्या दाढांवर बसते. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईच्या पदराआड राहिलेले टॉप्स मी पाहिलेच नाहीत. नेमकी दुखरी दाढ झाकली गेली, आणि गावची एसटी चुकवून तिला पुन्हा उभं राहावं लागलं.

एका ओपीजीचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. जगात माणसाला माती, हवा, आकाशातून वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतो. म्हणजे जेमतेम तीन दिवसांचा. घाबरण्यासारखं नाही, पण फुकट दुसऱ्यांदा कशाला घ्यायचा?

एक मात्र कबूल. एकाच दाताचा छोटा फोटो असेल तर गळ्यातलं काढायची बहुधा गरज नसते. आम्हीच सवयीने सगळ्यांना सगळं उतरवायला लावतो. आणि "मग शिशाचा ॲप्रन कसा घालता?" हा प्रश्नही बरोबर आहे. शिसंही धातूच. म्हणूनच ओपीजीत तो मानेवर चढू देत नाही, चढला तर फोटो पांढरा.

कानातल्याची फिरकी अडकली असेल तर सोनाराकडून सैल करून या, माझ्याकडे पक्कड नाही.

परवा एक मावशी आल्या. ओपीजी होता. "माहं डोरलं मी नाई काढत, मालक घरी हायेत माह्ये." मी म्हटलं, मावशी, अंगावरून दूर नका करू, फक्त मानेवरून उतरवा. त्यांनी ते काढून पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचलं. पंधरा-एक सेकंद मशीन फिरलं. फोटो बघायच्या आधी त्यांनी गाठ सोडली.