बंद मीटर झिजत नाही म्हणे!

एप्रिल लागला की आमच्या भागातल्या ऑपरेटर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. जिनिंग थंडावलेली असते, सोयाबीनचं तेल काढणारे सॉल्व्हंट प्लांट बंद व्हायला आलेले असतात, त्यामुळे मेसेजची वेळ अगदी बरोबर साधते. विषय फ्लो मीटर, म्हणजे पाइपातून किती पाणी, तेल किंवा वाफ गेली ते मोजणारं यंत्र. मजकूर असा: "जो मीटर फिरत नाही तो झिजत नाही. सीझन संपला की फ्लो मीटर काढा, कॉम्प्रेसरची हवा मारा, आतून ऑइल फिरवा, पन्नीत घट्ट गुंडाळा, स्टोअरमध्ये टाका. आयपी 67 आहे, पाण्यातही काही होत नाही. पुढच्या सीझनला जसाच्या तसा लावा, कॅलिब्रेशनचा खर्च वाचवा." यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच हाताखाली शिकलेले.

अकोला, बुलढाणा, अमरावती या पट्ट्यात मी मीटर दुरुस्तीची कामं करतो. म्हणून हा मेसेज वाक्यावाक्याने घेतो.

"फिरत नाही तो झिजत नाही." झिजेपुरतं हे खरं आहे, वाद नाही. पण दसऱ्याच्या आसपास माझ्या टेबलावर जे मीटर येतात, त्यातले झिजलेले थोडेच असतात. बाकीचे गंजलेले, घाम आलेले, आत काहीतरी वाळून चिकटलेले, नाहीतर उंदरांनी कुरतडलेले. म्हणजे ते बिघडतात ते बंद असतानाच. त्यातही आमचा पूर्णा नदीच्या काठचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारट. इथलं बोअरचं पाणी मीटरमध्ये राहिलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. त्या थराखाली स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात. 304 ग्रेडच्या स्टीलला लवकर, 316 ला जरा उशिरा, पण पडतात. चालू लाइनीत तेच पाणी वाहत असताना एवढा त्रास देत नाही, साचून वाळलं की देतं. म्हणून काढलेला मीटर आधी गोड्या पाण्याने धुवायचा, उभा करून निथळू द्यायचा आणि सावलीत वाळवायचा. मेसेजमध्ये धुण्याचा शब्दसुद्धा नाही.

आता कॉम्प्रेसर. हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. टर्बाइन मीटर हातात धरायचा, हवेची नळी लावायची, आतलं चक्र सूंऽऽ करून फिरतं आणि बाजूचा माणूस खूश होऊन म्हणतो, "पाहा, कसा मस्त फिरते!" तो मस्त फिरतो तिथेच बेरिंग संपतं. ते चक्र पाण्याच्या किंवा तेलाच्या वेगासाठी बनवलेलं असतं, आणि वाहणाऱ्या द्रवाचं वंगणही त्याला मिळत असतं. सहा-सात किलो दाबाच्या कोरड्या हवेत ते कितीतरी पट वेगाने फिरतं, तेही वंगणाशिवाय. लगेच काही दिसत नाही. पुढच्या सीझनला मोठ्या प्रवाहावर मीटर ठीक वाटतो आणि कमी प्रवाहावर कमी दाखवायला लागतो, कारण अडखळणारं बेरिंग थोड्या पाण्याच्या जोराने सुटत नाही. एका प्लांटमध्ये बॉयलरच्या पाण्याचा हिशोब महिनाभर जुळत नव्हता. सगळे व्हॉल्व्ह तपासून झाले, गळती शोधून झाली, आणि निघालं हेच. मीटर साफ करणाऱ्याने मनापासून साफ केला होता, त्याला बोलणार तरी काय?

सोयाबीनमधून तेल काढायला हेक्झेन हे द्रव वापरतात. त्याच्या लाइनीवरच्या मीटरला कॉम्प्रेसर लावायचा सल्ला तर धोक्याचाच आहे. आत राहिलेल्या हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीवर पेट घेते. तो मीटर प्लांटच्या सुरक्षा नियमाप्रमाणेच मोकळा करायचा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय स्टोअरमध्ये आणायचा नाही.

"आतून ऑइल फिरवा." हा सल्ला बहुधा ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून आलेला असावा. मॅग्नेटिक मीटरमध्ये आतल्या बाजूला लायनर, म्हणजे अस्तर असतो आणि त्यात दोन छोटे इलेक्ट्रोड. पाणी चुंबकीय क्षेत्रातून वाहताना जो मिलीव्होल्टच्या घरातला इशारा तयार होतो, तो हे इलेक्ट्रोड पकडतात. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की पाणी आणि धातू यांच्यात पडदा आला. मीटर उड्या मारतो, कधी शून्यावर थांबतो, आणि दोष मात्र वरच्या डब्यातल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला दिला जातो. वर लायनर नैसर्गिक रबराचा किंवा ईपीडीएम या कृत्रिम रबराचा असेल तर खनिज तेलाने तो फुगतो. फुगलेला लायनर पुन्हा पहिल्या मापावर येत नाही. तेल लावायचंच असेल तर बाहेरच्या उघड्या लोखंडी बोल्टांना लावा, तिथे ते उपयोगाचं.

लायनर टेफ्लॉनचा असेल तर आणखी एक गोष्ट. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकतो आणि मोकळा सोडला की आपल्या मूळ आकाराकडे जायला बघतो. फ्लॅंजच्या, म्हणजे पाइपाला बोल्टने जोडायच्या चकतीच्या तोंडावर दुमडलेली त्याची कड, मीटर काढून नुसता ठेवला तर उचलली जाते. नव्या मीटरच्या दोन्ही तोंडांवर कंपनीने लाकडी किंवा प्लास्टिकचं झाकण घट्ट बसवलेलं असतं ते यासाठी. आपल्याकडे ते पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. गेलं असेल तर प्लायचे दोन गोल कापा आणि मीटर उतरवल्या उतरवल्या बोल्टने आवळा. शंभर-दोनशेचं प्लाय लागेल. मीटर उचलताना आतून सब्बल घालू नका आणि वरच्या डब्याला धरून ओढू नका, एवढं सांगायला वेगळा परिच्छेद नको.

पन्नीबद्दल थोडं सविस्तर, कारण पन्नी लोकांना सुरक्षित वाटते. जुलैतली हवा घ्या: 32 अंश तापमान, 80 टक्के आर्द्रता. ही हवा 28 अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातून पाणी सुटायला लागतं. आपल्याकडे पावसाळी रात्र त्याच्या खाली सहज जाते. पन्नी बांधली तेव्हाची दमट हवा आतच अडकते. रात्री तिचं पाणी होऊन ते टर्मिनलवर, कार्डावर बसतं; दिवसा वाफ, रात्री पुन्हा पाणी. बाहेर मोकळ्या हवेत ठेवलेला मीटर वाऱ्याने वाळतो तरी. पन्नी वापरायचीच तर मीटर पूर्ण कोरडा असताना, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून बांधा. जेलचा रंग बदलला की ते भट्टीत 110 ते 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. आपल्या मे महिन्याचं ऊन कितीही कडक असलं तरी त्या कामाला पुरत नाही, पापड वाळवायलाच ठीक.

"आयपी 67 आहे." आहे, पण कधी? झाकण आवळलेलं, त्याखालची रबरी ओ-रिंग धड, आणि केबलचं प्रत्येक भोक बंद असताना. अशा स्थितीत एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकायची ती हमी आहे. केबल काढली, ती आत जाते ते ग्लॅंडचं भोक उघडं राहिलं, की 67 काय आणि 0 काय. कंपनीकडून येणारं लाल प्लास्टिकचं बूच वाहतुकीपुरतं असतं. तिथे चुडीचा (आट्यांचा) धातूचा प्लग लावा. नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. ओरिफिस, म्हणजे पाइपात आडवी बसवलेली भोकाची चकती, तिच्या दोन्ही बाजूंचा दाब मीटरपर्यंत नेणाऱ्या बारीक इम्पल्स नळ्यांची तोंडंही या माशीला फार आवडतात.

ओरिफिस प्लेट निघालीच आहे तर, ती भिंतीवर खिळ्याला टांगू नका आणि पॉलिश पेपरने चमकवू नका. भोकाची प्रवाहाकडची कड तीक्ष्ण लागते. 50 मिलिमीटरच्या भोकाला मानकाप्रमाणे त्या कडेचा गोलवा फार तर 0.02 मिलिमीटर चालतो. कड घासली गेली की वाफ किंवा पाणी खरं जातं त्यापेक्षा कमी दिसतं. सपाट लाकडावर, कापडात, आडवी ठेवा. रोटामीटर म्हणजे उभ्या नळीत प्रवाहाने फ्लोट वर उचलला जातो तो मीटर; त्याचा फ्लोट आत स्पंज घालून अडवून ठेवा, बस.

"स्टोअरमध्ये टाका." कुठल्या? आपल्याकडे स्टोअर म्हणजे बहुतेक टिनाचं शेड. बाहेर 45 अंश असेल तेव्हा बंद टिनाखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. साठवणीच्या तापमानाची मर्यादा पुस्तिकेत लिहिलेली असते. डिस्प्ले आणि बॅटरी आधी मार खातात. ग्रामपंचायतीच्या पंपघरात तर मीटरच्या शेजारी पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पोती असतात. त्यातून सुटणारा क्लोरीन तांब्याच्या तारा आणि कार्डावरचे सांधे खातो. तारांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर ती बुरशी नसते, तांब्याचा गंज असतो. मीटर पक्क्या खोलीत, जमिनीपासून वर, मोटरी आणि वेल्डिंगपासून लांब ठेवा. त्यांच्यामुळे हवेत तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. हातात धरायच्या अल्ट्रासॉनिक मीटरचे साधे सेल काढून ठेवा, चार्जिंगची बॅटरी असेल तर महिना-दोन महिन्यांनी चार्ज करा.

राहिलं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का ते तपासून घेणं. यात मेसेजवाल्याची अडचण मला कळते. प्रत्येक मीटर पार पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटपर्यंत पाठवा असं मीही म्हणत नाही. पण "वापरला नाही म्हणून बरोबर आहे" हा निष्कर्ष वरच्या सगळ्यानंतर कसा काढणार? निदान घरची चाचणी करा. मॅग मीटर बसवला की पाइप पूर्ण भरा, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करा आणि स्थिर पाण्यावर शून्य येतं का बघा. मग सिमेंटच्या टाकीत मोजून पाणी सोडा. तळ 2 मीटर बाय 2 मीटर असेल आणि पातळी अर्धा मीटर चढली, तर 2000 लिटर झाले. मीटर काय म्हणतो ते शेजारी लिहा. फरक दिसला तर प्रयोगशाळेचा खर्च करा, आणि पैशाच्या व्यवहाराचा मीटर असेल तर तसाही करा.

मीटर उतरवताना लाइनीचा नंबर, बाणाची दिशा, शेवटचं रीडिंग, टर्बाइन असेल तर त्याचा के-फॅक्टर (एका लिटरला किती पल्स ते) आणि तारीख मी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरतो आणि पट्टी तारेने बांधतो. पूर्वी कागदाचं लेबल डिंकाने चिकटवायचो. ते झुरळं खाऊन जायची, आणि ऑक्टोबरमध्ये चार सारखे मीटर समोर घेऊन कुठला कुठे होता हे आठवत बसावं लागायचं.