‘अकरा महिन्यांचं नोटरी केलं की झालं’? महाराष्ट्रात नाही

‘नवीन घरमालकांसाठी ७ गुप्त नियम’ हा मेसेज बरेच महिने फिरतो आहे. दुर्लक्ष करून भागत होतं. गेल्या आठवड्यात तो मावशीच्या फोनवर आला. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला कोथरूडचा वन बीएचके तिला पहिल्यांदाच भाड्याने द्यायचा आहे, आणि ‘काकू, हे वाचून ठेवा’ म्हणून एजंटनेच तो पाठवला. तिने नोटरीची वेळही ठरवून टाकली होती. त्यामुळे आता एकदाच सगळं लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: भाडेकरू १२ वर्षं राहिला की घर त्याचं. म्हणून करार ११ महिन्यांचाच करा. ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही, स्टॅम्पपेपरवर नोटरी पुरते. पोलिसात माहिती दिली की करार पक्का. सोसायटीची परवानगी नसेल तर भाड्याने देता येत नाही, आणि ती मागेल तेवढे पैसे द्यावे लागतात. भाडं रोख घ्या, कर वाचतो. भाडेकरू हलत नसेल तर वीज-पाणी तोडा, कुलूप बदला. शेवटी गुंतवणुकीचा मंत्र: दुसरा फ्लॅट कर्जावर घ्या, भाड्यातून हप्ता आपोआप सुटतो.

सातापैकी सर्वात जास्त नुकसान करणारा नियम नोटरीचा. तो खरा वाटतो याचं कारण त्याची अर्धी बाजू खरी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागतो. ११ महिने ही पळवाट तिथली, आणि इतर काही राज्यांत ती अजून चालते. महाराष्ट्रात नाही. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्याचं कलम ५५ प्रत्येक नव्या घरमालकाने तोंडपाठ करावं असं आहे. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. त्यात मुदतीची अट नाही. ११ महिने, ६ महिने, ३ महिने, सगळ्याला नोंदणी. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची नाही, एजंटची तर नाहीच. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

लोक दंडाला घाबरत नाहीत, मला माहीत आहे. खरी मेख त्याच कलमातल्या दुसऱ्या पोटकलमात आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य, आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. म्हणजे व्यवहारात काय होतं बघा. तुम्ही २० हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट ठरवलं. वाद झाला. तो म्हणतो, भाडं १२ हजार ठरलं होतं, डिपॉझिट तीन लाख रोख दिलं, आणि मी लायसन्सवर नाही, कायमचा भाडेकरू म्हणून राहतोय. तुमच्या हातात नोटरीचा शिक्का मारलेला कागद. त्या शिक्क्याने फार तर सही कोणाची हे दिसतं. नोंदणी झाली असं होत नाही. भाडं रोख घेतलं असेल तर २० हजारांचा बँकेतला पुरावाही नाही. ‘भाडं रोख घ्या’ हा नियम पाळणाऱ्याने आपल्याच हाताने दोर कापलेला असतो.

उलट नोंदवलेला करार असेल तर त्याच कायद्याचं कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं. राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली आणि माणूस हलला नाही तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं न घालवता याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बचाव करायची परवानगी मागायची. नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई. हे आठवड्याभरात होतं असं नाही, महिने लागतात. पण भाडेकरूला दुप्पट रकमेचं कलम वाचून दाखवलं की बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

आणि नोंदणी टाळून वाचवतो काय आपण? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मोजायचं असं: मुदतीचं एकूण भाडं, न परतवायची रक्कम असेल तर ती, आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या सगळ्याच्या बेरजेवर. २० हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने: २,२०,००० अधिक सुमारे ९,१६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. बाकी एजंट घेतो ते त्याचं आणि नोंदणीसाठी ठसे घेणारं अंगठ्याचं मशीन घरी आणण्याचं. हाच दर ६० महिन्यांपर्यंत लागू आहे. ३६ महिन्यांचा करार केला तर शुल्क सुमारे १,८७५ आणि नोंदणी फी एकदाच. दरवर्षीची वाढ करारातच लिहून टाकायची. भाडेकरू चांगला असेल तर दर ११ महिन्यांनी अंगठे देत बसण्यापेक्षा हे सोपं.

नोंदणी ऑनलाइन होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांचा अंगठा लागतो. ‘मिस्टर आले की बास’ चालत नाही. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, आधारशी जुळत नाहीत. दहाही बोटं लावून बघा, हात कोमट पाण्याने धुऊन पुसून मग लावा. इंडेक्स टू वरचं (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणी उताऱ्यावरचं) नाव आणि आधारवरचं नाव यांत आडनावाचा फरक असेल तर तो आधी दुरुस्त करा. मसुद्यात डिपॉझिटचा चेक किंवा ट्रान्सफर नंबर लिहून घ्या. आणि परिशिष्टात ‘फर्निचर जसंच्या तसं’ असलं काही नको. पंखे ३, गीझर १५ लिटर १, किचनची चिमणी १, मुख्य दाराच्या चाव्या २, असं मोजून लिहा. किल्ली देताना वीजमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि तो भाडेकरूलाही पाठवा. शेवटच्या महिन्याच्या बिलावरून होणारं निम्मं भांडण तिथेच संपतं.

आता १२ वर्षं. ही भीती आली कुठून? एक तर मुदत कायदा, १९६३. मालकाच्या हक्काला आव्हान देऊन कोणी उघडपणे, सलग १२ वर्षं जागा बळकावून बसला तर मालकाचा ताब्याचा दावा मुदतबाह्य होतो. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. पण भाडेकरू तुमच्या परवानगीने बसलेला असतो. भाडं देतो म्हणजे तुम्हालाच मालक मानतो. तुमच्या परवानगीने आत आलेल्याला राहत असताना तुमची मालकी नाकारता येत नाही, हा पुरावा कायद्याचा जुना नियम आहे आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो तसाच आला आहे. १२ काय, ३० वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने घर त्याचं होत नाही.

दुसरी भीती जास्त खरी आहे आणि ती मुंबईकरांच्या घरातून आलेली आहे. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं त्यांना एका फटक्यात भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्या कुटुंबांच्या जागा त्यात अडकल्या त्यांच्या घरी ‘भाड्याने देऊ नकोस, जाईल’ हे वाक्य तेव्हापासून ऐकू येतं. ते समजू शकतो. पण ती तारीख एकच होती, आजच्या लायसन्सला ती लागू नाही. हो, एवढं मान्य: भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूकडून ताबा मागायलाही १२ वर्षांची मुदत आहे. तेव्हा करार संपल्यावर झोपा काढू नका. पण हे कारण ११ महिन्यांचं नाही, जागं राहण्याचं आहे.

वीज तोडण्याचा सल्ला देणाऱ्याला तर काय म्हणावं. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २९ भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट अशा आवश्यक सेवा मालकाने सबळ कारणाशिवाय तोडण्याला मनाई करतं, आणि ते मोडणं गुन्हा आहे. मीटर माझ्या नावावर आहे, हे उत्तर होत नाही. कुलूप बदललं तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ६ आहे: कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच बघितला जात नाही. म्हणजे भाडं थकवणारा तो, आणि आरोपी तुम्ही.

बाकीचे नियम पटकन उरकतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं जरूर करा, ऑनलाइन होतं. पण ती पावती म्हणजे करार नव्हे. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी आधी परवानगी लागत नाही. कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे, आणि त्यात मालमत्ता कर धरायचा नाही. मेंटेनन्स ३,००० आणि त्यातलं सेवाशुल्क १,८०० असेल तर १८० रुपये. ‘बॅचलर असेल तर डबल’ असं कमिटीने ठरवून चालत नाही.

रोख घेऊन कर वाचतो? भाडेकरूने घरभाडे भत्त्याची सवलत घेतली आणि भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर तो कंपनीला तुमचा पॅन देतोच. शिवाय कर जेवढा वाटतो तेवढा नाही. २,४०,००० भाड्यातून भरलेला मालमत्ता कर १०,००० वजा केला, उरलेल्याचे ३० टक्के म्हणजे ६९,००० कायदा स्वतःहून सोडतो, पावत्या न मागता. करपात्र राहतात १,६१,०००, त्यातून गृहकर्जाचं व्याज वेगळं. मालक परदेशी राहत असेल तर मात्र हिशोब वेगळा: तिथे भाडेकरूने ३० टक्के अधिक उपकर कापून भरायचा असतो, भाडं कितीही लहान असलं तरी. न्यू जर्सीतून पुण्यातला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी हे भाडेकरूला आधीच सांगावं.

राहिला ‘भाड्यातून हप्ता सुटतो’. ७० लाखांचा पुण्यातला फ्लॅट, ५६ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ४८,६००. भाडं २० हजार. सुटतो कुठे? त्यात घेतानाच ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४,९०,००० आणि नोंदणीचे ३०,००० गेलेले. वर्षाच्या २,४०,००० मधून एक महिना रिकामा २०,०००, मेंटेनन्स ३६,०००, मालमत्ता कर १०,०००, रंग-नळ-वायरिंग २०,००० काढा. उरतात १,५४,०००, म्हणजे किमतीच्या २.२ टक्के. फ्लॅटची किंमत वाढेल म्हणून घेत असाल तर तसं म्हणा, ती वेगळी पैज आहे. कर्ज नसलेल्या मावशीला हे २.२ टक्केही चालतील. तिची नोटरीची वेळ आता रद्द झाली आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता अंगठ्याचं मशीन घरी येतंय, आणि काकांनाही तेव्हा घरी थांबायला सांगितलंय, कारण इंडेक्स टू वर त्यांचंही नाव आहे.