केनियाची बॅग भरताना

जुलै-ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला निघालेली ओळखीतली मंडळी हल्ली फोन करून विचारतात, "बॅगेत काय काय घेऊ?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहिते. माझं या बाबतीत ठाम मत आहे. आपण बॅग भरतो ती मनातल्या एका आफ्रिकेसाठी. तिथे भाजून काढणारं ऊन असतं, खायला काही मिळत नाही आणि माणसं दीनवाणी असतात. केनिया नावाचा खराखुरा देश यातल्या कशातच बसत नाही, म्हणून बॅग पुन्हा उघडून बघा.

आधी हवा. विषुववृत्त केनियातून जातं हे खरं, पण नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही (१,६४६ मीटर) उंच. माराचं पठारही साधारण दीड हजार मीटर आणि त्याच्या वर. त्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथले थंडीचे दिवस. पहाटे नैरोबीत पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. सफारीची गाडी उजाडायच्या सुमारास निघते, टप वर उचललेला असतो आणि वारा थेट तोंडावर येतो. लिनेनचे नवे शर्ट आणि शॉर्ट्स घेऊन आलेली माणसं त्या वेळी कुडकुडत बसतात आणि समोरचा चित्ता कधी निघून गेला हे त्यांना कळतही नाही. एक चांगला स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि मोजे हवेतच. दहा-अकरानंतर मात्र एकेक कपडा उतरवावा लागतो आणि उंचीमुळे ऊन बोचतं, म्हणून सनस्क्रीन आणि हनुवटीखाली बांधता येईल अशी रुंद कडांची टोपी घ्या. पुढे मोम्बासा किंवा डियानीचा किनारा असेल तर हवा थेट आपल्या कोकणासारखी दमट. तिथे सुती, सैल कपडे आणि खांदे-गुडघे झाकणारं काहीतरी. किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि गावातून फिरताना तेवढा मान राखावा असं मला वाटतं.

रंगांचंही सांगते, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. त्सेत्से नावाची चावरी माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. तेव्हा जीन्स आणि काळ्या लेगिंग्ज घरी राहू देत. मातकट, खाकी, फिकट हिरवा हे उत्तम. लष्करी छापाचे कपडे मात्र अजिबात नकोत. तिथे सामान्य नागरिकांना ते चालत नाहीत.

आता प्लास्टिक. चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत, साबण तिसरीत ही आपली हाडात भिनलेली सवय. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे. कायद्यात लाखो शिलिंगांचा दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित जंगलांत पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. आपल्याकडेही २०१८ पासून बंदी आहे आणि भाजीवाल्याकडे काय दिसतं ते आपण रोज पाहतो. तिथे लोक हा नियम खरंच पाळतात. एका देशाने मनावर घेतलेली गोष्ट पाहुण्यांनी मोडू नये. जुन्या ओढण्यांच्या, उशीच्या अभ्र्यांच्या पिशव्या शिवून घ्या. प्रत्येकाची एक स्टीलची बाटली. आणि एक पंचा, तो धुळीत नाकाला बांधता येतो, कॅमेऱ्यावर टाकता येतो, रात्री धुतला की सकाळी वाळतो.

खाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. अर्धी बॅग थेपले, खाकरे, चिवडा, लाडू आणि झटपट उपम्याच्या पाकिटांनी भरलेली मी पाहिली आहे. एखादा डबा प्रवासासाठी घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच घ्या. पण केनियात चपाती हे रोजचं खाणं आहे. तिथले लोक ती घरी करतात, टपरीवर खातात, चहाबरोबर खातात. मुगाची उसळ तिथे 'न्डेंगू' म्हणून मिळते. राजम्यासारख्या बियांचं कालवण, 'सुकुमा' नावाची पालेभाजी, मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं उगाली, अव्होकाडो, अननस, सगळं शाकाहारी माणसाच्या ताटात बसणारं. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते, त्यांत पंजाबी सर्वाधिक. मागोमाग गुजराती व्यापारी वाढले. २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या समाजाला देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. अशा देशात आपण उपाशी राहू ही भीती कशाला?

त्या पाकिटांच्या वजनात दुर्बीण घ्या. घरटी एक पुरत नाही, माणशी एक हवी. बिबळ्या फांदीवर दिसतो तो क्षण "मला दे, मला दे" करण्यात जातो आणि मागे राहतात फोनवरचे ठिपके. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण पुरेशी आहे, मित्रांकडून मागून आणा, पण डोळ्यांना लावून घरी सराव करा. गॅलरीतून समोरच्या झाडावरचा तांबट शोधता आला की झालं. केनियात हजारावर जातींचे पक्षी आहेत. ज्याच्या गळ्यात दुर्बीण आहे त्याला सिंह न दिसलेली सकाळही रिकामी जात नाही.

वाटायला पेनं, चॉकलेटं, जुने कपडे नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. हेतू चांगला असतो हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक गाडीतून वस्तू मिळू लागल्या की मुलं शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात. आपल्या मुलांना कोणी परक्याने गाडीच्या खिडकीतून गोळ्या वाटल्या तर आपल्याला कसं वाटेल? मदत करायची असेल तर कॅम्पवाल्यांना विचारून गावातल्या शाळेच्या शिक्षकांच्या हाती द्या.

औषधांत टाळाटाळ नको. यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. एक डोस जन्मभर चालतो. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. मारा आणि किनारा दोन्हीकडे मलेरिया आहे आणि तिथल्या मलेरियावर क्लोरोक्विन हे जुनं औषध चालत नाही, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी केनियाला जाऊन आले" हेच सांगा.

बॅग स्वतः मऊ असू द्या. नैरोबीहून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर साधारण पंधरा किलोच चालतात, तेही हातातल्या सामानासकट, आणि कडक सुटकेस ते घेत नाहीत. तीन चौकोनी पिनांचा प्लग घ्या. आणि थोडी जागा रिकामी ठेवा: केनियाची कॉफी आणि बायकांनी सिसलच्या, म्हणजे घायपाताच्या, धाग्यांची हाताने विणलेली 'कियोंडो' पिशवी त्यात बसेल. किनाऱ्यावरचे शंख आणि पोवळी मात्र तिथेच राहू द्या.