‘पंप गेला, नव्वद नंबर ओता’: लिफ्टच्या गळतीवरच्या मेसेजला उत्तर

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मिनी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक गळती घरीच बंद करा, वर्कशॉपचे हजारो रुपये वाचवा, असा त्याचा मथळा. आत सांगितलंय ते थोडक्यात असं: उचललेली लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबावर उचलणारी यंत्रणा, आपोआप खाली बसत असेल तर पंप गेला समजा. तेल गळत असेल तर निम्मं ९० नंबर, म्हणजे गिअरचं जाड तेल, मिसळा, जाड तेल गळत नाही. गळती सापडत नसेल तर इंजिन रेस करून पाइपावरून हात फिरवा. सापडली की नट आवळा, टेफ्लॉन गुंडाळा, तरी थांबली नाही तर एम-सील लावा. लिफ्टला ताकद कमी वाटली तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वॉशर घाला. आणि एवढं करूनही थेंब पडत राहिला तर वरून ओतत राहा, काही होत नाही.

हा मेसेज इतका का चालतो ते कळतं. आपल्याकडे ट्रॅक्टरची पुस्तिका मिळते कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, मेस्त्री बोलतो मराठी, आणि बिल येतं पुन्हा इंग्रजीत. मध्येच कुणीतरी सगळं सोप्या मराठीत लिहून दिलं की माणूस विश्वास ठेवतो. पण यातला एक सल्ला हात घालवणारा आहे, दोन ट्रॅक्टर घालवणारे आहेत, आणि उरलेले नुसतेच पैसे घालवणारे. धोक्याचा आहे त्यापासून सुरू करतो.

‘इंजिन रेस करून पाइपावरून हात फिरवा.’

हे कधीही करू नका. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो सव्वादोन बारच्या आसपास. मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या लाइनमध्ये मॉडेलप्रमाणे साधारण १२० ते १८० बार असतो. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तिथून निघणारी तेलाची धार डोळ्यांना नीट दिसतसुद्धा नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. त्यासाठी ७ बारच्या आसपासचा दाबही पुरतो. सुरुवातीला काटा टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं. म्हणून माणूस हळद लावतो आणि पुन्हा कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजतं, काळंनिळं पडतं. आत गेलेलं तेल शस्त्रक्रिया करून काढावं लागतं, आणि उशीर झाला तर बोट, कधी हात कापावा लागतो. असं काही झालंच तर गावातल्या दवाखान्यात टीटीचं इंजेक्शन घेऊन घरी येऊ नका. थेट बेळगावला मोठ्या हॉस्पिटलात जा आणि ‘दाबाचं तेल कातडीत शिरलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. जखम बारीक दिसते म्हणून ती किरकोळ समजली जाण्याची भीती असते.

मग गळती शोधायची कशी? पुठ्ठ्याचा लांबट तुकडा घ्या, तो पाइपाजवळून फिरवा आणि तोंड लांब ठेवा. धार असेल तिथे पुठ्ठ्यावर रेघ उमटते. त्याच्याही आधी करायचं काम म्हणजे धुणं. आपले ट्रॅक्टर वर्षानुवर्षं तेल, धूळ आणि उसाच्या पाचटाचा राप घेऊन हिंडतात. थेंब जिथून पडतो तिथून तो निघालेला असेलच असं नाही. वरच्या बँजो बोल्टमधून (ज्याच्या आतून तेल जातं तो पोकळ बोल्ट) झिरपलेलं तेल हाउसिंगच्या कडेकडेने येतं आणि सगळ्यात खालच्या नटावरून टपकतं. मेसेजवाला त्या नटालाच पान्हा लावणार. आधी रॉकेलने किंवा डिझेलने पुसून काढा, फडक्याने कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा. यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळतात तशी नको, चिमूटभर बस्स. मग दहा मिनिटं लिफ्ट वर-खाली करा, इंजिन बंद करा आणि बघा. पावडरीवर पहिला ओला डाग जिथे आला, गळती तिथे.

तेलाचा रंगही बघा. क्लच हाउसिंगच्या बुडाला एक भोक असतं, त्यात बऱ्याच ट्रॅक्टरांना स्प्लिट पिन लोंबत असते. तिथून थेंब पडतो म्हणून लिफ्टला दोष देणारे बरेच आहेत. तो थेंब काळा असेल तर इंजिनच्या मागच्या ऑइल सीलचा, सोनेरी असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, पण लिफ्टचा त्यात काही संबंध नाही.

‘लिफ्ट खाली बसते म्हणजे पंप गेला.’

सगळ्यात जास्त पैसे खाणारं वाक्य हेच. इंजिन बंद केल्यावर पंप फिरतच नाही. तेव्हा लिफ्ट वर धरून ठेवायचं काम पंपाचं नसतंच. सिलिंडरमध्ये कोंडलेलं तेल लिफ्ट धरून ठेवतं. रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं मागचं अवजार, उचलून, इंजिन बंद करून चहाला गेलात आणि परत येईपर्यंत तो जमिनीला टेकला, तर ते कोंडलेलं तेल कुठून तरी निसटतंय. एक तर पिस्टनच्या रबरी ओ-रिंगमधून, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्हमधून. ही गळती बाहेर दिसत नाही, तेल आतल्या आत हाउसिंगमध्ये परत जातं. म्हणूनच कुणीही ‘पंप’ म्हटलं की आपण मान डोलावतो.

हे घरी तपासता येतं आणि एक रुपया लागत नाही. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना सीटच्या पुढे किंवा खाली एक गोल नॉब असते, लिफ्ट किती वेगाने खाली यावी ते ठरवणारी. काही मॉडेलमध्ये ती पूर्ण आवळली की सिलिंडरकडचा रस्ताच बंद होतो. तसं तुमच्या पुस्तिकेत असेल तर अवजार उचला, नॉब पूर्ण बंद करा, इंजिन बंद करा, आणि मागच्या लिंकवर खडूने खूण करून लांब उभे राहा. तरीही लिफ्ट उतरली तर दोष बहुतेक सिलिंडर-पिस्टनच्या बाजूचा. नॉब बंद असताना जागेवर राहिली आणि उघडल्यावर उतरली, तर व्हॉल्व्हच्या बाजूचा. पिस्टनची ओ-रिंग आणि तिच्यामागची बॅकअप रिंग यांची किंमत पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही. मजुरी लागते, कारण लिफ्टचं टॉप कव्हर उतरवावं लागतं. तरी हिशेब पंपाच्या जवळपास जात नाही.

इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी उचकी दिल्यासारखी डोलत असेल, तर तेही याच रोगाचं लक्षण. थोडी खाली येते, कंट्रोल तिला परत वर घेतो, पुन्हा खाली.

पंप खराब झाला तर चित्र वेगळं असतं. रिकामी लिफ्ट उठते पण वजन लावलं की रडत रडत उठते, तेल तापल्यावर तर उठतच नाही. तिथेही पंपाआधी सक्शन फिल्टर, म्हणजे पंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी, तुंबलाय का, तेल पातळीत आहे का, हे बघायचं असतं. ही सगळी तपासणी करताना उचललेल्या रोटरच्या खाली डोकं घालू नका, हे खरं तर सांगावं लागू नये. पण रोज कुणीतरी घालताना दिसतं.

‘निम्मं ९० नंबर मिसळा.’

आजच्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक, तिघांचं तेल एकच असतं. बादलीवर यूटीटीओ लिहिलेलं असतं ते हे. ९० नंबर त्याच्या साधारण तिप्पट जाड. थंडीतल्या पहाटे, बेळगावकडची थंडी तुम्हाला माहीत आहेच, ते सक्शनच्या जाळीतून ओढताना पंप उपाशी राहतो आणि किंचाळायला लागतो. आज चांगला असलेला पंप अशाने खराब होतो. म्हणजे मेसेजचा पहिला सल्ला खोटा ठरला तरी हा दुसरा सल्ला तो खरा करून दाखवील. ब्रेकच्या प्लेटांना लागणारा गुणही त्या तेलात नसतो. ब्रेक थरथरतात, कर्कश वाजतात.

आणि दुपारी तेल तापलं की जाडपणाही उतरतो, कडक झालेली ओ-रिंग आहे तशीच कडक राहते, थेंब पुन्हा सुरू. ‘लीक स्टॉप’ म्हणून बाटल्या मिळतात त्यांची गोष्ट वेगळी नाही. त्या रबर फुगवतात, आणि चांगल्या असलेल्या सीलाही फुगवतात. ज्यांचा ट्रॅक्टर जुना आहे आणि पुस्तिकेतच गिअरबॉक्सला ९० नंबर लिहिलंय, त्यांनी अर्थातच तेच घालावं. भांडण मिसळण्याशी आहे.

‘नट आवळा, टेफ्लॉन गुंडाळा, एम-सील लावा.’

नट ढिला असेल तर आवळायचाच, त्यात वाद नाही. पण हायड्रॉलिकच्या बहुतेक जोडांमध्ये तेल आट्यांवर अडत नाही. ते अडतं कोनाच्या टोकावर, ओ-रिंगवर, डौटी वॉशरवर (धातूच्या कड्यात रबर बसवलेला) नाहीतर तांब्याच्या वॉशरवर. आटे फक्त ते दाबून धरतात. मग आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळून काय साधणार? उलट त्याचे धागे तुटून आत जातात आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक फटीत अडकतात. कडक झालेली ओ-रिंग कितीही आवळा, नरम होत नाही. पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर दोन फुटी पाइप घालून आवळताना आटेच हातात येतात. मग मात्र खरंच ‘पंप गेला’. तांब्याचा वॉशर पुन्हा वापरायचा झाला तर जुने मेस्त्री तो लाल तापवून पाण्यात बुडवतात, तांबं त्याने मऊ होतं. नवा मिळत असेल तर नवाच घाला.

एम-सील पाण्याच्या टाकीला ठीक. दीडशे बारच्या पाइपावर, तेलकट पृष्ठावर, वर इंजिनचा थरकाप, तिथे ते टिकत नाही. आणि सुटतं ते नेमकं दाब जास्त असताना, म्हणजे अवजार वर असताना. होजला भेग दिसली, आतली तार उघडी पडली की होज बदला. त्यासाठी कंपनीच्या पार्टची वाट बघत बसायची गरज नाही. हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह ज्या उद्यमबाग-मच्छेच्या पट्ट्यात बनतात त्या बेळगावचे आपण शेजारी! जुना होज दोन्ही टोकांच्या निपलसकट घेऊन जा, लांबी मोजून नवा दाबून घ्या. घेताना होजवर काय छापलंय ते वाचा. आर-वन म्हणजे तारेचा एक थर, आर-टू म्हणजे दोन. तीन अष्टमांश इंची आर-वन १८० बारला चालतो, आर-टू ३३० ला. दरातला फरक बघून मग ठरवा, पण साधा पाण्याचा किंवा हवेचा पाइप क्लिप मारून लावू नका.

‘सेफ्टी व्हॉल्व्हखाली वॉशर घाला.’

हे सांगणाऱ्याने स्वतःच्या ट्रॅक्टरवर करून बघावं. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो म्हणून पाइप, सील, हाउसिंग शाबूत राहतात. वॉशर घालून त्याला उशिरा उघडायला लावलं की सगळ्यात कमकुवत जागा आधी फुटते. म्हणजे गळतीचा उपाय म्हणून नवी गळती. लिफ्ट कमजोर असण्याचं कारण झिजलेला पंप किंवा आतली गळती असेल तर वॉशरने ताकद वाढतही नाही.

‘थेंब पडत राहिला तर वरून ओतत राहा.’

सेकंदाला एक थेंब धरा. वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे आठ तासांत जवळजवळ दीड लिटर. आठवडाभर उसाची भरणी केली की दहा लिटर शेतात. हा हिशेब ज्याला परवडतो त्याने ओतावं.

पण यात एक गोष्ट मेसेजवाल्याच्या ध्यानातच आलेली नाही. काही गळत्या अजिबात टपकत नाहीत. पंपाकडे तेल ओढणाऱ्या सक्शनच्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथला जोड ढिला झाला तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. तेलाला फेस येतो, लिफ्ट झटके देत उठते, पंप वाजतो आणि खाली फरशी कोरडी ठणठणीत. इंजिन मंद ठेवून, पंखा आणि पीटीओपासून, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापासून, लांब राहून, त्या जोडावर ग्रीस थापलं आणि आवाज बदलला की जागा सापडली.

फेस आणि पाणी यातही गल्लत होते. खानापूरकडे भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर एक्सलपर्यंत बुडतो, सीलातून पाणी आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. ते थोडं बाटलीत भरून रात्रभर ठेवा. फेस असेल तर सकाळी निवळतो, पाणी मिसळून दुधाळ झालेलं तेल तसंच राहतं. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला आणि तडतडला तरी पाणीच. असं तेल टॉपअप करून सुधारत नाही, फिल्टरसकट सगळं बदलावं लागतं.

त्याच चिखलाने हाउसिंगवरचा ब्रीदर बुजतो. अंगठ्याएवढी वस्तू, कुणी बघत नाही. तो बुजला की गरम झालेल्या तेलाची वाफ आणि हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, आत दाब साचतो आणि एक्सलच्या सीलातून तेल ढकललं जातं. मग सील बदलली, पंधरा दिवसांत पुन्हा गळली, ‘डुप्लिकेट माल दिला’ म्हणून दुकानदाराशी भांडण. तेल डिपस्टिकच्या वर भरलं असलं तरी असंच होतं. पातळी बघायची ती ट्रॅक्टर सपाट जागी, अवजार खाली टेकवून. उचललेलं असताना बघितलं तर सिलिंडरमधलं तेल मोजणीत येत नाही, कमी दिसतं, आणि माणूस आणखी ओततो.

राहिला ‘वर्कशॉपवाले लुटतात’ हा मुद्दा. काही लुटतात, होय की. त्याला उपाय वर्कशॉप टाळणं हा नाही. पावडर, पुठ्ठा, नॉब, बाटली, ब्रीदर एवढं घरी करा आणि काय दिसलं ते कागदावर लिहून मेस्त्रीकडे जा. जोड सोडायचा असेल तर आधी अवजार जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे, मगच पान्हा. तरीही कुणी पंपच सांगितला तर म्हणा, मेस्त्री, टेस्ट पोर्टला, दाब मोजायच्या छिद्राला, प्रेशर गेज लावा आणि तेल गरम असताना काटा किती दाखवतो ते मला बघू दे. आणि काढलेली जुनी ओ-रिंग, जुना पंप, जे काही असेल ते गाडीत घालून द्यायला सांगा.