‘भावनेच्या भरात’ या शब्दांविषयी

‘आहारशास्त्राचा विद्यार्थी’ यांस,

फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांचे वजन कसे घटते, यावरील माझ्या लेखाखाली आपण चार आक्षेप नोंदवले आहेत. त्यांपैकी एक आधीच मान्य करून टाकते. ‘वडिलांचे ७ किलो वजन गेले’ असे मी लिहिले, पण मूळ वजन दिले नाही, हे आपले म्हणणे रास्त आहे. ९० किलोच्या माणसाचे ७ किलो गेले तर ते आठ टक्केही भरत नाहीत. माझ्या वडिलांचे वजन ५८ वरून ५१ वर आले, म्हणजे १२ टक्के गेले. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. दुरुस्तीने माझे म्हणणे अधिकच बळकट झाले, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे वळते. आपण लिहिता, ‘वजन घटणे हा रोगाचाच भाग आहे आणि चमच्याने पेज भरवत बसल्याने कॅशेक्सिया [रोगामुळे स्नायू झिजत जाणे] थांबत नाही, हे लेखिका भावनेच्या भरात विसरल्या आहेत.’ यातले ‘बसल्याने’ आपण सहज लिहून गेला असाल. ज्या घरात असा रुग्ण असतो त्या घरातली बाई फारशी बसलेली नसते, एवढेच सांगते. ‘भावनेच्या भरात’ हे शब्द आपण एखाद्या पुरुष लेखकासाठी वापरले असते का, हे मी विचारणार नव्हते. पण आता विचारलेच आहे. आणि पेजेचे म्हणाल, तर माझ्या लेखात ती एकदाच आली आहे, आपल्या प्रतिक्रियेत चार वेळा. किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने, हा युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतला हिशेब मलाही ठाऊक आहे. ५८ किलोंच्या माणसाला लागणारी ५८ ते ८७ ग्रॅम प्रथिने पेजेतून मिळत नाहीत, म्हणूनच तिच्या पुढच्याच ओळीत दूध पावडर आणि अंडी आहेत.

कॅशेक्सिया हा शब्द आपण मला नव्याने शिकवलेला नाही. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सहमतीने जी व्याख्या मांडली, तिच्यानुसार ही स्नायू झिजत जाण्याची अशी अवस्था आहे, जी नेहमीच्या आहारोपचाराने पूर्णपणे उलटवता येत नाही. ‘पूर्णपणे’ हा शब्द आपण गाळलात. त्याच व्याख्येत सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक घट हा निकष देताना ‘साधी उपासमार नसताना’ अशी अटही घातली आहे, तीही आपण गाळलीत. माझा संपूर्ण लेख त्या अटीविषयीच होता.

अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागून जाते, आणि रोग छातीच्या मधल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला असेल तर त्या ग्रंथींवर सोडलेल्या किरणांतून तिला पूर्णपणे वगळता येत नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, ३० बैठकांत मिळून ६० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), ही बऱ्याच रुग्णांना मिळणारी मात्रा आहे. अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात, म्हणून त्यांना फटका लवकर बसतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गिळताना आग होऊ लागते, आणि सोबत केमो चालू असेल तर ती अधिक तीव्र होते. भूक मेलेली असणे आणि भूक असूनही घास न उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर वेदनाशामक आहे, जेवणाआधी घ्यायचे बधिर करणारे जेल आहे, अन्न पातळ आणि कोमट करता येते, वेळ पडली तर नाकातून नळी घालता येते. दोन्हींना ‘रोगाचाच भाग’ म्हटले की यातले काहीच केले जात नाही.

आमच्याकडे नेमके तेच झाले. २०१६ च्या पावसाळ्यात मी आणि बाबा वाईहून येऊन पुण्यात सहा आठवडे भाड्याच्या खोलीत राहिलो. रुग्णालयाचे नाव घेत नाही. यंत्राखाली निजवताना बाबांच्या छातीवरच्या खुणा रोज तपासल्या जात, पण चौथा आठवडा लागेपर्यंत त्यांना वजनकाट्यावर कोणी उभे केले नाही. एक दिवस त्या खुणा लेझरच्या रेषेशी जुळेनात, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ मुलाने विचारले, ‘आजोबा, जेवताय ना?’ काटा ५२ वर थांबला. जन्मभर ठेचा-भाकरी खाल्लेल्या त्या माणसाला तेव्हा ताकसुद्धा झोंबत होते, आणि मी विचारले की ते ‘जेवलो’ म्हणत. मी ते मानून घेत होते, कारण कॅन्सर आहे, माणूस वाळणारच, अशी माझी समजूत होती. महोदय, आपले वाक्य मी तेव्हा तीन आठवडे रोज स्वतःलाच ऐकवत होते. त्या दिवशी जेल आणि वेदनाशामक लिहून मिळाले; आठवड्याभरात मऊ तूपभात आणि दुधातली नाचणीची खीर उतरू लागली. गेलेले वजन परत आले नाही. उरलेल्या दिवसांत मात्र एकच किलो गेला.

‘एका घरचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे’ हा तिसरा आक्षेप शाळेतल्या मुलालाही सुचेल, आणि आपण तर एकाही घरचा दिलेला नाही. खाण्याच्या आग्रहाने रुग्ण आणि घरचे दोघेही अपराधीपणाने पिचतात, या चौथ्या मुद्द्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन. आज ते जमणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र नावानिशी लिहावे.